पाहुण्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमची ताटं

माझ्या सोनालीचं लग्न अ‍ॅल्युमिनियममुळे मोडता मोडता राहिलं.

मी राजापेठेत रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेतो. (समोर फळा नसला, तरी घेतो!) परतवाड्याहून मुलाचे आईवडील सोनालीला पाहायला येणार होते, जेवूनच जाणार होते. मुलगा तिला मनापासून आवडला होता. घोडं अडलं होतं ते त्या दोघांच्या होकारापाशी. स्वयंपाक माझ्या बायकोनं, कुंदानं, केला. ताटं मी काढली. माळ्यावरची!

"पाहुण्यायले जर्मनच्या ताटात वाढता?" कुंदा किंचाळली. (आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि त्यात कुत्र्याला भाकर टाकतात.)

"अवं, एका काळी हा धातू सोन्याहून महाग होता! फ्रान्सचा बादशा खास पाहुण्यायलेच याच्या भांड्यात वाढे. बाकीचे बिचारे सोन्याच्या ताटात जेवत."

"मंग त्या बादशाच्या पोरीचं जमवा! आपली स्टीलची ताटं काय मेली?"

पण मी ऐकतो होय! पानं वाढली. मुलाच्या आईनं ताटावर बोटानं टकटक केलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं बादशहा सांगितला.

"अन् हलकं किती, पाहा!" मी म्हणालो. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी भाकर मोडताना ताटाच्या काठावर हात टेकवला. ताट पलीकडून उठलं आणि वाटीतलं वरण त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आलं!

"याच्यातून उष्णता लय लवकर पसरते," मी विषय बदलला. ते मुलाच्या आईला आधीच कळलं होतं, कारण त्यांनी नुकताच गरम कढीचा पेला उचलला होता. तोही जर्मनचा.

"आवो बाप्पा!" पेला खाली, कढी सतरंजीवर.

"जाऊ द्या जी," मी धीर दिला. "तसंबी आंबट पदार्थ याच्यात ठेवू नये. धातू उतरते त्याच्यात."

मुलाचे वडील घास चावायचे थांबले.

"बाबा, पुरे ना!" सोनाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तेव्हा कुठं मी भानावर आलो. पोरीच्या सुखाचा प्रश्न आणि मी धातूचे गुणधर्म सांगून राहिलो होतो!

"कळवतो जी," म्हणून पाहुणे गेले. कुंदानं ती ताटं मोरीत आपटली. हलकी असल्यानं मनासारखा आवाज आला नाही, म्हणून ती आणखी चिडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मुलाची आई होती. मी स्पीकर चालू केला.

"भाऊ, पोरगी पसंत आहे आमाले."

सोनाली उडालीच! माझी छातीही लगेच फुगली. "तिचं शिक्षण आवडलं असंन तुमाले?"

"शिक्षणाचं राहू द्या जी. तुमच्यासारख्या बापाजवळ राहून पोरीचं डोकं ठिकाणावर राहिलं, तर ते कुठंबी नांदंन! आमी तिले लवकर घेऊन जातो."

मी काही बोलायच्या आत मागून कुंदा ओरडली, "विहीणबाई, मलेबी संगं घेऊन जा!"