साडूंचं फणसाचं कपाट

देवाने माणसांना विसरण्याची देणगी वाटली, त्या दिवशी आमचे साडू बहुधा रजेवर होते. नाहीतर अंगाला एकदा लागलेला कपडा टाकूच न शकणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा का सापडू नये? तसे कपडे साठवणारे पुष्कळ असतात. कुणाला वाटतं आपण पुन्हा बारीक होऊ, कुणाला वाटतं फॅशन परत येईल. साडूंना यातलं काहीच वाटत नाही. बारीक ते जन्मापासून आहेत आणि फॅशन त्यांच्याकडे पहिल्यांदाच यायची राहिली आहे. ते कपडे ठेवतात, कारण त्यांच्या मते कपडा म्हणजे साक्षीदार, आणि ज्याने आपल्याबरोबर घाम गाळला त्याला म्हातारपणी घराबाहेर काढणारा माणूस उद्या कुणालाही काढील.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभी नोकरी खांबावर काढली म्हणायला हरकत नाही. कुठल्या घरात कुठल्या खिडकीतून तार आत गेली होती हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. आता त्या तारा गेल्या, पण त्यांची रंगीत भेंडोळी साडूंकडे शिल्लक आहेत आणि त्यांचा उपयोगही त्यांनी शोधून काढला आहे. कपाटातल्या प्रत्येक हँगरला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठी बांधायला तार. लाल तार म्हणजे घरगुती, निळी म्हणजे खात्याची, पिवळी म्हणजे वादग्रस्त. चिठ्ठीवर तिरक्या, बारीक अक्षरात मजकूर. ‘भाट्ये पुलावर वादळात उजवी चप्पल गेली. पँट वाचली.’ ‘हा घालून मुलगी बघायला गेलो. पोहे तिखट. मुलगी पसंत.’ ‘नाचणे गावात कुत्रा चावला. दोष कुत्र्याचा नाही, मीच शिडी त्याच्या ताटात टेकवली.’ हा शेवटचा शर्ट पाठीमागून चार बोटं फाटलेला आहे. पुढे ते कुत्रं म्हातारं होऊन गेलं, तेव्हा साडू तोच शर्ट घालून त्या घरी समाचाराला गेले. घरमालकीण बिचारी डोळे पुसत बाहेर आली, आणि पाहुण्याची पाठ बघून रडायचीच विसरली. "आमचीही जुनी ओळख होती हो," साडू तिला म्हणाले.

मीही त्या कपाटात आहे. एका लग्नाच्या पंगतीत मी स्वतःच्या अंगावर वाटीभर सोलकढी ओतून घेतली आणि साडूंनी पिशवीतला जादा शर्ट मला दिला. मी तो घातला, आणि मठ्ठा वाढणाऱ्याशी बोलता बोलता दुसरी वाटी त्या शर्टावर ओतली. धुऊन, इस्त्री करून परत केला तेव्हा त्यांनी तो हँगरला लावला. वर्षभराने सहज कपाट उघडलं तर पिवळी तार! ‘साडूभाऊंनी सोलकढी सांडली. पहिली वाटी त्यांच्या शर्टावर, दुसरी माझ्या. दुसरी मुद्दाम नसावी.’ त्या ‘नसावी’ने मला आजवर जितकं छळलंय, तितकं डागाने त्या शर्टालाही छळलं नसेल.

कपाटं तीन. एक लोखंडी, एक भिंतीतलं आणि एक त्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं फणसाच्या लाकडाचं, ज्याचं दार उघडलं की सगळ्या घराला कळतं. तिन्हींत साडू. ताईंच्या साड्या ट्रंकेत आणि ट्रंक पलंगाखाली. "मी लग्न होऊन आल्ये ती पाहुणीच आहे अजून," असं ताई म्हणतात. माझी भाची, म्हणजे त्यांची लेक, पुण्याला असते. तिने एकदा सुचवलं की बाबा, प्रत्येक कपड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवू, मग कपडे देऊन टाकू. साडूंनी मोबाइल हातात घेतला, फोटोतल्या शर्टावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याचा खिसा कुठे लागत नाही हाताला."

तर अशा या माणसाच्या घरून एका गुरुवारी सकाळी ताईंचा फोन आला. "भावोजी, रविवारी पोर येत्येय बाळंतपणाला. तिचे नि बाळाचे कपडे ठेवायला मला फणसाचं कपाट रिकामं हवं. हे माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही पंच म्हणून या. घावणे करत्येय, खाऊन येऊ नका."

घावण्यांसाठी मी याहून अवघड कामं केलेली आहेत. गेलो.

पलंगावर दोन जागा आखल्या होत्या. एक ‘ठेवणे’, एक ‘काढणे’. मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला, आणि त्यातून भाची पुण्याहून कारभार बघत होती. "बाबा, नियम एकच. वर्षभरात जे अंगाला लागलं नाही, ते काढायचं."

"वर्षभरात आपण तुझ्या काकाकडेही गेलो नाही," साडू म्हणाले. "काढू त्याला?"

"काका कपाटात राहत नाही, बाबा!"

"तेच म्हणतोय. जो जागा अडवत नाही, त्याला लोक ठेवतात."

जेवणाची वेळ होईपर्यंत ‘काढणे’मध्ये एक मोजा जमा झाला होता. तोही एकटा होता म्हणून, आणि जोडीदार सापडला तर परत घेण्याच्या अटीवर. ‘ठेवणे’चा डोंगर मात्र असा झाला की मोबाइल त्याखाली गाडला गेला आणि भाचीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. ताई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मी घायकुतीला येऊन म्हटलं, "अहो, देऊन टाका ना कुणाला तरी!"

साडूंनी चष्मा काढला. "कुणाला तरी म्हणजे कुणाला, साडूभाऊ? नाव सांगा. पोरीचं लग्न करताना म्हणालो होतो का मी, द्या कुणाला तरी?"

"मग स्थळं बघा!" मी वैतागून म्हटलं.

माझ्या आयुष्यात मी उच्चारलेलं एवढं एकच वाक्य कुणी शब्दशः मनावर घेतलं असेल. साडूंनी चष्मा परत चढवला. मग उठून त्यांनी कागद-पेन घेतलं. पुढचे दोन दिवस ते स्कूटर चालवत होते आणि मागे मी, मांडीवर गाठोडं घेऊन, शर्टांना स्थळं बघत रत्नागिरीभर हिंडत होतो.

पहिलं स्थळ भाट्याचं. नारळ काढणारा एक पाडेली त्यांच्या माहितीतला. चौकड्यांचा शर्ट त्याच्यापुढे धरून साडूंनी खांद्याचं माप जुळवलं. तो बिचारा म्हणाला, "काका, मी झाडावर उघडाच चढतो."

"मग उतरल्यावर घाला. आणि डाव्या काखेत शिवण नाजूक आहे. हात वर करताना जरा बेतानं."

"नारळ काढणाऱ्याला सांगताय, हात बेतानं वर करा?" मी पुटपुटलो. साडूंनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. मिरकरवाड्यात खात्याचा रेनकोट एका मच्छीमाराला द्यायला गेलो. रेनकोटाचा पूर्वेतिहास, त्याची प्रकृती, कुठल्या पावसात तो टिकतो आणि कुठल्यात रुसतो हे सगळं जाळ्यावर बसून सांगून झाल्यावर साडूंनी त्याचा फोन नंबर मागितला. आठवड्याने चौकशी करायला. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "चाचा रेनकोट देतायत का पोरगी?" साडूंचा स्वतःच्या लग्नातला कोट बँडमधल्या सनईवाल्याने नेला. "लग्नातला कोट लग्नातच राहायला हवा," हे साडूंचं म्हणणं मला तरी बिनतोड वाटलं. सोलकढीचा शर्ट त्यांनी माझ्यापुढे धरला. "तुमचा काही दावा?" मी मुकाट्याने तो घेतला. चिठ्ठी त्यांनी सोडून घेतली नाही, सोबतच दिली.

एक स्थळ त्यांनी नाकारलंही. साळवी स्टॉपजवळच्या एका ओळखीच्याने कुत्रा चावलेला शर्ट बघून विचारलं, "गाडी पुसायला होईल ना?" साडूंनी शर्टाची घडी घातली, स्कूटर चालू केली आणि थेट घर गाठलं. तो शर्ट भिंतीतल्या कपाटात गेला.

शनिवारी दुपारी फणसाचं कपाट जवळजवळ रिकामं झालं. मी विजयाने आत डोकं घातलं, तर मागच्या फळीला चिकटून एक हँगर लटकत होता. बदामी रंगाचा, अर्ध्या बाह्यांचा साधा शर्ट. चिठ्ठी नाही. तार नाही.

"हा हो?" मी विचारलं.

साडूंनी तो हातात घेतला. उजेडात नेला. कॉलर बघितली, खिशात बोट घालून बघितलं, वास घेतला. मला वाटलं आता तासभराची निश्चिंती. पण गोष्ट सुरू होईना. शर्ट उलटा केला, सुलटा केला. मग पलंगाच्या कडेला बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला आठवत नाहीये."

मी हसून म्हटलं, "सुटलात! घाला गाठोड्यात."

ते हसले नाहीत. शर्ट मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. कपाळावर घाम आला होता. कुत्र्याच्या ताटापासून पंगतीतल्या दुसऱ्या वाटीपर्यंत सगळं ज्याच्याजवळ जागच्या जागी होतं, तो माणूस एका शर्टाकडे परक्या माणसाकडे बघावं तसा बघत होता.

ताई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी साडूंकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं आणि ओल्या हातांनीच तो उचलला.

"अगो बाई, हा सापडला होय! वेळणेश्वरचा तो."

"वेळणेश्वरचा?" साडूंनी मान वर केली.

"म्हणजे काय! आपण दोघंच गेलो नव्हतो का, पोर व्हायच्या आधी? जयगडहून होडीने. देवळात जाऊन आलो नि मग किनाऱ्यावर माडाखाली बसलो. तुम्ही कोट बिट काही न घालता हाच घालून आला होतात. मी म्हटलं, बदामी रंग तुम्हाला खुलून दिसतो हो. त्यावर लाजलात."

साडू ताईंकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "हो," ते म्हणाले. "होडीत पाणी उडलं होतं."

"उडलं होतंच."

त्यांनी लाल तार तोडून घेतली आणि चिठ्ठी लिहायला बसले.

मी ताईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "ताई, तुम्ही वेळणेश्वरला गेला होतात हे मला माहीतच नव्हतं."

"कुठली जात्येय!" ताई नळाखाली हात धरून म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून म्हणत्ये, एकदा न्या. दर वेळी कुठे ना कुठे तार तुटायची." त्यांनी आवाज खाली आणला. "मामंजी शेवटची दोन वर्षं यांना ओळखत नव्हते, भावोजी. हे जेवण भरवायला बसले की विचारायचे, आपण कुणाकडचे? त्या वर्षापासून या चिठ्ठ्या सुरू झाल्या. मी मेली उगाच कटकट करत्ये कपाटावरून. पण एकही चिठ्ठी कधी टाकली नाही."

"आणि तो शर्ट?"

"असेल बाजारातला. एवढं काय."

रविवारी भाची आली. पुढे महिन्याभरात नातही आली. फणसाच्या कपाटात दुपटी, झबली आणि कोपऱ्यात तो बदामी शर्ट असा संसार सुरू झाला. आल्यागेल्याला साडू वेळणेश्वरची हकीकत सांगायचे, आणि दर वेळी तीत भर पडायची. ताई मधेच दुरुस्त्या करायच्या. "ओहोटी नव्हती हो, भरती होती." ज्या माणसाला कुत्र्याच्या ताटाची जागा आठवते, त्याला आपण बायकोला कधी वेळणेश्वरला नेलंच नाही हे आठवत नसेल का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

मार्गशीर्षात नात जरा बाळसं धरू लागली, तेव्हा एक दिवस साडू म्हणाले, "साडूभाऊ, तुमची गाडी काढा. आमच्या हिला परत एकदा वेळणेश्वरला नेऊन आणू म्हणतो." ताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. "जाऊ की परत," म्हणाल्या.

जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, तवसाळला उतरलो, आणि हेदवी मागे टाकून दुपारच्या आत पोचलो. देवळात दर्शन घेतलं. मग ताई वाळूत उतरल्या. चपला हातात घेतल्या. समोर अर्धा चंद्र असावा तसा तो किनारा, आणि त्यावर माणूस नाही. ताई ओल्या वाळूपर्यंत चालत गेल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "अगदी तेव्हा होतं तसंच आहे हो."

साडूंनी किनाऱ्यावरून सावकाश नजर फिरवली.

"माड तेवढे उंच झालेत," ते म्हणाले.