गाळलेल्या तेलातली धूळ

श्री. दौलतराव सोनकुसरे यांना मी प्रथम पाहिले ते हात धुताना. नागपूरच्या एका मोटार कंपनीच्या भांडारात मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर धापा टाकीत धावलेल्या गाड्या मोडीत निघत होत्या आणि त्यांच्या जागी डिझेलच्या गाड्या येत होत्या. फोरमन असलेले दौलतराव नवा इंजेक्टर घ्यायला माझ्या खिडकीशी आले, पुडा पाहिला आणि तसेच नळावर परत गेले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच पुडा हाती घेतला. मी म्हणालो, "फोरमनसाहेब, इंजिनात सत्यनारायण घालता काय?"

"पूजेत एखादं फूल कमी पडलं तर देव चालवून घेते, बाबू," ते म्हणाले. "हे नाही चालवून घेत." आमची ओळख झाली ती अशी.

त्यांचे घर विणकरांचे. वडील आणि थोरले बंधू मागावर बसत. दौलतराव शाळेत रमले आणि पुढे त्यांनी यंत्रविद्येची पदविका घेतली. ते विनयशील आहेत असे साठीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथात कोणी लिहिले असेल तर ते ऐकीव असावे. राग त्यांच्या नाकावर असे आणि आपल्याला किती कळते हे त्यांना चांगले ठाऊक होते. पण माझी पत्नी काटोलला माहेरी आजारी पडली, तेव्हा मी रजेचा अर्ज लिहायला घेईपर्यंत त्यांनी मला काटोलच्या गाडीत बसवूनही दिले होते. अर्ज त्यांनीच लिहिला आणि माझे अक्षर वाईट आहे म्हणून वर बोलणीही ऐकवली.

इंजेक्टर म्हणजे काय, हे मला त्यांनीच जेवणाच्या सुट्टीत शिकवले. नळीत एक पोलादी सुई बसवलेली असते. दोहोंमधली फट केसाहून बारीक. डिझेल जोराने आले की सुई उचलली जाते, तेल धुक्यासारखे इंजिनात उडते आणि सुई झटकन पुन्हा बसते. या सुईला वेगळे वंगण नाही; डिझेल हेच तिचे वंगण. त्या डिझेलमध्ये बारीक धूळ असली की सुईवर ओरखडे उठतात, ती नीट बसत नाही, तेल ठिबकते, टोकावर जळून काजळी धरते आणि गाडी काळा धूर ओकू लागते. तेलात पाणी असले तर सुई गंजते. "इंजेक्टरचे वैरी तीन," ते म्हणत, "धूळ, पाणी अन् घाईचा मेकॅनिक."

धुळीवर त्यांनी एक उपाय काढला होता. त्या काळी डिझेल पिंपांतून यायचे आणि पिंपांत काय काय निघे ते न सांगितलेले बरे. दौलतरावांनी थोरल्या बंधूंकडून घट्ट विणीचे जाड कापड विणून आणले, प्रत्येक चालकाला त्याचा तुकडा दिला आणि हुकूम सोडला: तेल कापडातून गाळल्याशिवाय टाकीत ओतायचे नाही, आणि कापड धुऊन स्वच्छ ठेवायचे. घरी पाणी गाळायचे फडके आपण धुतो, वाळवतो, तसेच हे. कोणाला त्यात काही वावगे दिसले नाही, मला तर नाहीच.

काटोलच्या गाडीवर तुळशीराम नावाचे चालक होते. नागपुरातच सक्करदऱ्याला राहत, अबोल माणूस. त्यांच्या गाडीचे इंजेक्टर एकामागून एक जाऊ लागले. संत्र्यांच्या टोपल्या आणि माणसे घेऊन गाडी वाटेत बंद पडे आणि काटोलचे व्यापारी येऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर हात आपटीत. इंजेक्टर विलायतेहून येत. ते मिळेपर्यंत गाडी उभी. दौलतरावांनी सुया काढून भिंगाखाली पाहिल्या. ओरखडे उभे होते, म्हणजे धूळ. त्यांनी लिहून दिले की हा चालक तेल न गाळता ओततो. तुळशीराम "गाळतो साहेब" एवढेच म्हणाले आणि त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. त्यांना कामावरून दूर केल्याची नोटीस फाटकावर लागली. सक्करदऱ्यातली पोरेसुद्धा त्यांना कामचोर म्हणू लागली.

ते गेल्यावर खाप्याला मुक्कामी जाणारी गाडी तपासणीला आली. रस्ता तितकाच खराब, पिंपे तीच. दौलतरावांनी इंजेक्टर उघडले तर सुया आरशासारख्या. ते खूश झाले आणि चालकाची पाठ थोपटायला गेले. चालकाच्या बैठकीखाली कापडाची कोरी घडी होती, दिली तशीच.

"काहून गा, गाळत नाही तू?"

चालक घाबरला. "कपडा कोण रोज धुवून राहिलं, साहेब? पीप तसंच उभं ठेवतो, गाळ खाली बसते, वरचं वरचं घेतो."

दौलतराव आवाराच्या कुंपणाशी गेले. तिथे तुळशीरामांचे कापड अजून तसेच टांगलेले होते. रोज धुऊन त्यांनी ते पांढरेशुभ्र केले होते. समोरून गाड्या जात-येत होत्या आणि मुरमाची धूळ उडत होती. दौलतरावांनी पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत स्वच्छ डिझेल घेतले आणि ते कापड त्यात खळबळून काढले. थोड्या वेळाने बशीच्या तळाशी तांबूस माती बसली. ती त्यांनी बोटांत चोळली. ओले कापड ती धूळ धरून ठेवी आणि तेल ओतले की सारी टाकीत जाई. ज्याने हुकूम जास्त पाळला, त्याची गाडी जास्त बिघडली. दौलतरावांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता आणि मला त्यांची मनापासून दया आली.

ते तडक मॅनेजरसाहेबांकडे गेले; बशी हातात होतीच. मुख्य अभियंत्याची जागा तेव्हा रिकामी होती आणि ती दौलतरावांना मिळणार हे सगळ्यांनी धरले होते. साहेब समजूतदार होते. ते म्हणाले, "तुळशीरामला परत घेऊ. या वेळी माफ केले असे सांगू. तुमचे नाव कशाला मध्ये आणता?"

"माफ त्याले करतात, ज्यानं काही केलं असते," दौलतराव म्हणाले. "त्यानं माझा हुकूम पाळला. नोटीस चुकीची होती असं लिवा अन् फाटकावर लावा. चूक फोरमनची, असंही लिवा."

तशी नोटीस लागली. ती जागा पुढे बाहेरून आलेल्या एका गृहस्थांना मिळाली. दौलतरावांना त्याचे वाईट वाटले, नाही असे नाही. त्या आठवड्यात आम्ही सर्वांनी बोलणी खाल्ली.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी ते मला घेऊन सक्करदऱ्याला गेले. तुळशीरामांची पत्नी दारात होती. "अवं बाई, तुळशीरामले बोलाव," असे ते मुद्दाम मोठ्याने म्हणाले, म्हणजे आजूबाजूच्या घरांतली माणसे बाहेर यावीत. माणसे आलीही. तुळशीराम बाहेर आले, तसे दौलतराव उंबऱ्याखाली उभे राहून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "तुळशीराम, तू तेल गाळत होता. चुकलं माझं. माझ्याच कपड्यानं गाडी मारली."

 तुळशीराम हळू आवाजात म्हणाले, "मले वाटलं, माझ्याच हातानं काही कमी होऊन राहिलं. म्हणून गाडी बिघडली की मी आणखी एकदा गाळत होतो, साहेब."

दौलतराव पायरीवर बसले आणि तोंड हातांत झाकून रडले. तुळशीराम त्यांच्याशेजारी येऊन बसले.

दौलतराव या वर्षी साठ पूर्ण करीत आहेत. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, गुडघे साथ देवोत आणि राग तर मुळीच कमी न होवो. दुसऱ्याच्या दारात जाऊन, चार लोकांना ऐकू जाईल असे "चुकलं माझं" म्हणणारा हा माणूस आम्हांला अजून पुष्कळ वर्षे लाभो, एवढेच मागणे.