गट नंबरातली तिरकी रेघ

जूनचा पहिला सोमवार. हजर: मी, माती तपासणी केंद्रातली माझी सहकारी आणि मुरुम गावाजवळच्या खेड्यातून आलेल्या एक आजी.

आजींना मातीचा अहवाल हवा होता. तो पाहूनच त्या पेरणीसाठी बाजारातून खत नेणार होत्या. मी नव्याने लिहिलेल्या प्रोग्रॅमने सकाळीच प्रत्येक गट नंबराच्या नावाने अहवालाची फाईल तयार केली होती. आजींची मात्र सापडेना.

"पोरांनी वाटणी केली म्हणून मातीबी रुसली व्हय?" आजी म्हणाल्या.

सहकारी हसली आणि यादीवर नजर जाताच एकदम थांबली. "ताई, ज्यांच्या वाटण्या झाल्यात, त्यांचेच अहवाल नाहीत बघा."

खरंच होतं. वाटणी झालेल्या जमिनीचा नंबर आपण १२/३ असा लिहितो. संगणकाला तिरक्या रेघेआधीचा आकडा फोल्डरचं नाव वाटतो. '१२' नावाचा फोल्डर नव्हताच, म्हणून प्रोग्रॅमने ती फाईल गुपचूप सोडून दिली होती. फाईलच्या नावात मी तिरकीऐवजी आडवी रेघ घातली, छापील अहवालावर १२/३ तसंच ठेवलं. अहवाल निघाला.

"लई येळ बसवलं बाई," म्हणत आजींनी पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ओतल्या. "खावा आता."

त्या टोमण्याचे आणि त्या हसण्याचे माझ्यावर उपकार आहेत. नाहीतर वाटणीवाले सगळेच त्या दिवशी रिकाम्या हाती परतले असते.

फाईल साठवता आली नाही, तर प्रोग्रॅमने तसं पडद्यावर सांगावं, एवढं काम मात्र अजून राहिलं आहे.