लाभ, दोन, तीन

माझी नात कॉलेजसाठी संगणकावर शेल स्क्रिप्टमध्ये कॅल्क्युलेटरचा प्रोग्राम लिहीत होती. पडद्यावर यादी होती: एक बेरीज, दोन वजाबाकी, तीन गुणाकार, चार भागाकार. मी मुद्दाम नऊ दाबला. ‘चुकीचा पर्याय, पुन्हा निवडा’ एवढंच म्हणून यादी परत आली. मी बघतच राहिलो.

साठेक वर्षांपूर्वी जोयडा तालुक्यातल्या आमच्या शाळेत वसतिगृहासाठी मुलं निवडायला एक साहेब आले होते. निवड झाली तरच चौथीपुढची शाळा, नाहीतर माझ्या बाच्या जोडीनं जंगलात लाकूडतोड. साहेबांनी चिंचोक्यांचा ढीग पुढं केला. “मोज, आणि चौघांत सारखे वाट.” गुळगुळीत, गार चिंचोके हातात घेऊन मी मोठ्यानं सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन...”

पोरं फिदीफिदी हसली. साहेब म्हणाले, “याला एकसुद्धा येत नाही. पुढचा!”

आमचे गुरुजी उठले. “साहेब, यांच्याकडं भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुन्हा विचारा.”

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी एकपासून मोजलं, बरोबर वाटलं आणि निवडला गेलो. बाहेर बा म्हणाला, “सायबाम्होरं लाभ कशाला रं?”

“तूच शिकवलंस न्हवं, खळ्यावर?”

“व्हय की!” बा हसायलाच लागला.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे छाती काढून सांगतो. तेव्हा पोरांचं हसणं फार लागलं होतं. आता गुरुजींचं ‘पुन्हा विचारा’ तेवढं ऐकू येतं.

नातीला म्हटलं, “बाकी काय हवं ते बदल. ही पुन्हा निवडायची ओळ मात्र काढू नकोस.”