दोन लाव्ह्यांमधली माती

एमएस्सीला मी विषय घेतला मंगळावरच्या लाव्ह्याचा. मंगळावर आपल्यासारखे सरकणारे भूपट्ट नाहीत. त्यामुळे तिथला ज्वालामुखी एकाच जागी ओकत राहतो आणि त्याचा अवाढव्य डोंगर होतो. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एका जागी बसून खाल्लं की फुगायचंच." आणि माझ्याकडं बघितलं. मी सुट्टीत घरी बसले होते.

मंगळावर कोण जाणार? मावळातले डोंगरही लाव्ह्याचेच, म्हणून थरावर थर साचलेला लाव्हा तिथंच बघायचा ठरला. अशा दोन थरांमध्ये कुठंकुठं तांबड्या मातीचा पट्टा असतो. खालचा लाव्हा निवतो, कैक वर्षांनी त्याची माती होते, मग वरून नवा लाव्हा येतो आणि ती विटेसारखी भाजून निघते. हा पट्टा दाखव, नाहीतर विषय बदल, असं सरांनी बजावलं होतं. शनिवारी ते स्वतः बघायला येणार होते.

तीन आठवडे मी आमच्या वराळे गावाच्या आसपासचे डोंगर पालथे घातले. जिकडंतिकडं गवत नि करवंदीच्या जाळ्या. हात ओरबाडून निघाले, पट्टा काही दिसेना.

शुक्रवारी संध्याकाळी हातोडी कोपऱ्यात भिरकावून मी उंबऱ्यात बसले. आई भिंत सारवत होती.

"काय हारवलंय तुजं?"

मी चिडून सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता तिला हसू फुटलं. तिनं हातातलं पोतेरं माझ्या नाकापुढं धरलं. लालभडक.

"ही माती कुठून आणलीस?"

"खाणीतनं. लगीन झाल्यापासनं तितनंच आणती. समद्या बाया तितनंच आणत्यात."

शनिवारी खाणीच्या वाटेनं आई पुढं, सर नि मी मागं. खाली काळा दगड, वर काळा दगड, मधे हातभर तांबडं. सर गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी उकरायलाच लागले.

"सर, खालनं नका उकरू!" आई ओरडली. "वरचा दगड बसंल डोक्यात. कडंनं काढा."

सर निमूट कडेला सरकले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

"विषय पक्का," लाल हात झटकत सर मला म्हणाले. "पण एवढे दिवस का लागले?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "मी घरातच व्हते की, सर. तिनं समदे डोंगर इचारले, मला तेवढं न्हाई इचारलं."

सर खो खो हसले. मीही हसले, पण कानापर्यंत लाल झाले होते.