धूर न केलेली रात्र

नाशिकपासून समुद्र लांब, पण आमचं हिवाळ्यातलं आभाळ त्याच्याच मर्जीवर. कोकण किनाऱ्याला ढग जमले की दोन दिवसांत इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवरून एकही तारा दिसायचा नाही. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि मला ताऱ्यांचं खूळ लागलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका पहाटे उल्कांचा मोठा वर्षाव होणार असं पेपरात आलं आणि शहराचे दिवे नकोत म्हणून मी सटाण्याजवळ मामाच्या मळ्यात जाऊन बसले. आई म्हणालीच, "थंडीत कुडकुडायची हौस दांडगी!"

दोन दिवस समुद्रावरचे ढग हलेनात. मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. तिसऱ्या संध्याकाळी वारा फिरला आणि आभाळ लख्ख झालं. मी अंगणात अक्षरशः नाचले. मामा मात्र वर बघत नुसता उभा होता.

"आभाय मोकयं व्हयनं. आते गारठा मारी," तो म्हणाला.

ढग म्हणजे द्राक्षबागेवरचं पांघरूण, ते गेलं की दव गोठतं, हे मला त्याने तेव्हा समजावलं. द्राक्षं पंधरा दिवसांत काढायची होती. अशा रात्री तीनच्या सुमाराला बांधावर ओला पालापाचोळा पेटवतात, धूर बागेवर पसरून राहतो आणि वेली वाचतात. मामाने ढीग रचूनही ठेवले होते.

"धुरात मला काय दिसणार, मामा? आजची रात्र नको ना."

भाचीचा शब्द मामाने मोडायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ती मला पक्की ठाऊक होती, म्हणून तर बोलले. मामाने खाली वाकून मातीला हात लावला आणि "बरं, चारपर्यंत पाहू," म्हणाला. मामी आत झोपलेली होती.

चार वाजता तर खरी गंमत सुरू झाली. एकामागून एक उल्का, काही इतक्या तेजस्वी की मागे रेघ उरायची. मामा काडेपेटी घेऊन उठला. मी म्हटलं, "अर्धा तास!" तो बसला. त्या अर्ध्या तासाचा पुढे तास कधी झाला ते मला कळलं नाही. त्याला कळलं असणार.

उजाडलं तेव्हा पानांवर पांढरा थर होता. मला तोही सुंदर वाटला, इतकी मी बिनडोक. ऊन वर आलं आणि तासाभरात पानं माना टाकू लागली. दुपारपर्यंत उकळतं पाणी ओतल्यासारखी बाग काळी पडली. मणी तडकले होते. मी एक घड हातात धरला आणि त्याचा चिकट रस बोटांवरून ओघळला. एका रात्रीत एवढं होतं? कुणी मला आधी का नाही सांगितलं? सांगितलं होतं की.

मामी धावत बांधावर आली, न पेटवलेले ढीग बघितले आणि ओरडली, धूर का नाही केला?

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाला, "मनाच डोया लागी गया."

डोळा लागला म्हणे! मला धक्का बसला तो बागेपेक्षा याचा. खोटं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. खरं न सांगताच मी संध्याकाळच्या एसटीने नाशिकला परत आले.

पुढे दर लग्नाकार्यात मामी त्याला त्या झोपेवरून टोमणे मारायची, चारचौघांत, हसत. तो मान खाली घालून जेवत राहायचा.

गेल्या वर्षी त्याच्या तेराव्याला मामी रडता रडता नातवंडांना म्हणाली, तुमच्या आजोबांनी एका झोपेत अख्खी बाग घालवली बरं का. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तू होतीस ना गं तेव्हा?"

"हो ना, मामी," मी म्हणाले, "गाढ झोपला होता."