नाकापर्यंत उतरलेला फोटो

रविवार, १८ मे. सकाळचे दहा. हजर: मी, नवरा, शेजारच्या खोलीतल्या काकू. त्या दिवशीच्या कामांच्या यादीचं वहीचं पान अजून माझ्याकडे आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत तेव्हा एक फोन दोन घरांना पुरायचा. लाइन आमच्या नावावर, तिलाच जोडलेला दुसरा फोन, पॅरलल, काकूंकडे. काकूंच्या मस्कतच्या लेकीने बाळाचा पहिला फोटो माझ्या ईमेलवर पाठवला होता. काकूंचे गुडघे गेलेले. तीन जिने उतरून सायबर कॅफेत जाणं अशक्य. फोटो घरीच दाखवायला हवा होता. आणि आमच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्सला फोनवरून इंटरनेट जोडणारा आतला मोडेम ओळखताच येत नव्हता.

मी बाहेरून जोडायचा जुना मोडेम ऑफिसातून मागून आणला. वायर तपासली, टिक. पासवर्ड तपासला, टिक. आमच्या लाइनवर टोन चालत नव्हता, म्हणून नंबर पल्सने, जुन्या डायलसारखा टकटक करत, फिरवायला लावला, टिक. तरी मोडेम नंबर फिरवायचा, थोडा किंचाळायचा आणि गप्प. असं चार वेळा. मला बसवेना. गॅलरीत आले, तर काकूंच्या दारातून आवाज: "हॅलो? हॅलो? कोण ता?"

मोडेम नंबर फिरवू लागला की काकूंचा फोन टिंगटिंग करायचा आणि त्या रिसीव्हर उचलायच्या.

"काकू, उचलू नका हो!"

"वाजलो तर उचलूक नको? लेकीचो असलो तर?"

नवरा आतून म्हणाला, "तुझ्या यादीत काकूच राहिल्या!"

काकूंना आणून कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर खुर्चीत बसवलं. पाचव्यांदा लागलं. फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरू लागला. जावळ. कपाळ. मग दोन टपोरे डोळे.

"गो बाय! डोळे माझे!" काकू उठल्या. मला वाटलं, देवाला साखर ठेवायला निघाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना इतक्या भरभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फोटो नाकाच्या शेंड्यावर थांबला. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. दादरच्या बहिणीला फोन लावला होता. "अगो, डोळे अगदी माझेच! नाक? थांब, नाक बघूक होया..."

मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. पाऊण तास झाला तरी लाइन सुटली नव्हती. वहीत शेवटची ओळ आहे: नाकाखालचं बाळ उतरवणे. तिच्यापुढे टिक नाही.